जुन्या कॅननमधून मॅजिक लँटर्न कसं काढायचं?

लग्नाच्या शूटिंगसाठी अमरावती-अकोल्यात सेकंडहँड कॅनन ६००डी घेतला आणि त्यात भलताच मेनू दिसला? घाबरू नका, ते मॅजिक लँटर्न. ट्रॅमेल हडसनने २००९ मध्ये ५डी मार्क टूसाठी सुरू केलेलं. कॅननचं मूळ फर्मवेअर शाबूत असतं. हे कार्डवरून चालतं, कॅमेऱ्यात फक्त बूट फ्लॅग चालू केलेला असतो.

म्हणून नुसती ऑटोएक्झेक फाइल डिलीट करू नका! कार्ड बूटेबल पण फाइल गायब, की कॅमेरा सुरूच होत नाही. (ऐन वरातीत असं झालं तर बॅटरी काढा, दुसरं कार्ड घाला.)

आधी फोटो कॉपी करून ठेवा, बॅटरी फुल चार्ज करा. मग मॅजिक लँटर्नचंच कार्ड घालून मेनूतून फर्मवेअर अपडेट चालवा. ६० सेकंदांचं काउंटडाउन दिसेल, मधेच काही दाबू नका. पुढं स्क्रीन सांगेल तसं करा. शेवटी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट.