गुन्ह्याचे शास्त्र आणि वस्तीचा उंबरठा



सोलापुरात आणि हुबळीत 'सेटलमेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आजही आहेत. हा शब्द तेथील लोकांच्या तोंडी इतका रुळला आहे की, एके काळी त्याचा अर्थ तारेचे कुंपण, हजेरीची घंटा आणि परवान्याशिवाय बाहेर पडण्यास बंदी असा होता, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. गुन्हेगारीशास्त्राच्या इतिहासाविषयी बोलताना मी विद्यापीठापासून आरंभ न करता या कुंपणापासून करीत आहे. कारण या शास्त्राची खरी परीक्षा येथेच झाली, आणि अजूनही होत आहे.

1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असे सरकारला वाटले, तर अधिसूचना काढून त्या सबंध जमातीस गुन्हेगार ठरविता येई. या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. पुढे 1911 आणि 1924 च्या कायद्यांनी हा फास अधिक आवळला. मुंबई इलाख्यात कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, छप्परबंद अशा अनेक समाजांची नावे या यादीत चढली. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे गिरण्यांत राबत आणि कुंपणाच्या आत निजत. ज्याने चोरी केली होती त्याला आणि ज्याने कधीच केली नव्हती त्याला हजेरी सारखीच होती.

येथे एक कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो यांनी जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ 1876 साली प्रकाशित केला. म्हणजे आपल्याकडील कायदा त्याच्या पाच वर्षे अगोदरचा. या अन्यायाचे खापर केवळ एका चुकीच्या शास्त्रावर फोडून मोकळे होता येत नाही. राज्यकर्त्यांची सोय आधी आली आणि तिला शोभेसे शास्त्र मागाहून मिळाले. लोंब्रोझो यांनी तुरुंगातील कैद्यांच्या कवट्या मोजल्या. ते कैदी ज्या घरांतून आले, त्या घरांच्या दारात मात्र ते शास्त्र गेले नाही.

हे दार ठोठावण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत शिकागो येथे झाला. तेथील संशोधक क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बाल न्यायालयांच्या दप्तरांतील मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. गुन्ह्यांचे प्रमाण काही ठरावीक मोहल्ल्यांत अधिक होते. त्या मोहल्ल्यांत पूर्वी जर्मन, आयरिश राहत. ते सुस्थितीत येऊन निघून गेले, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले. माणसे बदलली, वंश बदलले, पण मोहल्ल्याचे प्रमाण फारसे बदलले नाही. आणि जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांत ते टिकले नाही. तेव्हा दोष रक्तात नसून परिस्थितीत आहे, हा निष्कर्ष निघाला. आपल्या 1871 च्या कायद्याला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल?

शॉ एवढ्यावर थांबले नाहीत. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी शिकागो एरिया प्रोजेक्ट हे कार्य सुरू केले. खेळांची मैदाने, मुलांची शिबिरे, तुरुंगातून सुटून आलेल्यांना आधार, ही कामे बाहेरच्या तज्ज्ञांनी न चालविता वस्तीतल्याच माणसांनी समित्या करून चालवावीत, असा त्यांचा आग्रह होता. या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वस्तीची समिती मैदान उभारू शकते. बंद पडलेला कारखाना सुरू करू शकत नाही. शिवाय न्यायालयाच्या दप्तरात गुन्हा जसा दिसतो, तसाच पोलिसांचा पहारा कोठे अधिक आहे हेही दिसते. ज्या वस्तीवर आधीच संशय आहे, तेथील मुलाचे नाव दप्तरात लवकर चढते.

मुंबईत नागपाडा भागात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ड यांनी शेजारधर्माचे केंद्र चालविले होते. त्याच ठिकाणी 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आपल्या देशातील समाजकार्याचे हे पहिले विद्यालय गिरणी-गोदीच्या दाट वस्तीत जन्मले, हा निव्वळ योगायोग मानू नये. 1959 साली सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञान यांचा विभाग निघाला. टाटा संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाने 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंग येथे समाजकार्यकर्ते नेऊन बसविले. खटला संपण्याची वाट पाहत बसलेल्या कच्च्या कैद्याला वकील मिळवून देणे, त्याच्या घरी निरोप पोहोचविणे, सुटल्यावर काम शोधणे, हे या शास्त्राचे साधे आणि कठीण प्रात्यक्षिक होय.

आता आपल्या वडोदऱ्याकडे येऊ. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांसंबंधीच्या कायद्यांनी त्याची जागा घेतली आणि संशय मात्र राहिला. फेब्रुवारी 1998 मध्ये बंगालमध्ये बुधन सबर हा तरुण कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाश्वेतादेवी वडोदऱ्यास व्याख्यानासाठी आल्या. येथील विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनच्या कथेवर नाटक बसविले आणि 31 ऑगस्ट 1998 रोजी त्याचा प्रयोग केला. ज्यांच्याविषयी शंभर वर्षे इतरांनी अहवाल लिहिले, ते आता स्वतः बोलू लागले.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द ठरविल्या. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्याचा आदेश दिला. कुंपणे गेल्यानंतर सत्तर वर्षे तो रकाना शिल्लक होता, हे विसरून चालणार नाही.

या शाळेतून उद्या कोणी विद्यार्थी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकावयास जाईल. त्याला माझे एवढेच सांगणे आहे. आकडे शिक, कायदा शिक, मात्र वस्तीत प्रश्नावली घेऊन एकदाच जाऊन परत येऊ नकोस. आपण जे लिहिले ते त्या लोकांना वाचून दाखव, आणि त्यांनी चूक दाखविली तर खोडण्याची तयारी ठेव. 1871 साली हे कोणी केले असते, तर कित्येक पिढ्यांची हजेरी वाचली असती. ज्या गुरूंच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी वर्गाच्या हजेरीपटावर मुलाचे नाव लिहिले ते त्याला शिकविण्यासाठी. नाव लिहिण्याचा तोच एक न्याय्य हेतू आहे, असे मी मानतो.