शॅननपलीकडचा कनॉट

दिल्लीचे कनॉट प्लेस आपणा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कनॉट यांच्यावरून ते नाव पडले. ड्यूकची पदवी मात्र आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका दरिद्री प्रांताच्या नावाची होती. गॉलवे, मेयो, स्लायगो, लेट्रिम आणि रॉसकॉमन या पाच परगण्यांचा तो कनॉट. पूर्वेस शॅनन नदी, पश्चिमेस अटलांटिक महासागर.

क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंड जिंकल्यावर १६५३ साली फर्मान निघाले : कॅथलिक जमीनदारांनी आपली वतने सोडून १ मे १६५४ पूर्वी शॅननपलीकडे निघून जावे. ‘नरकात जा, नाहीतर कनॉटला’ ही म्हण त्याच आठवणीतून रूढ झाली. खडकाळ, पाणथळ जमिनीच्या तुकड्यांवर पुढे लक्षावधी कुळे केवळ बटाट्यावर जगू लागली. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. १८४१ साली सुमारे १४ लाख असलेली प्रांताची लोकसंख्या १८५१ पर्यंत १० लाखांवर आली. उपासमार आणि साथींनी असंख्य बळी घेतले. कित्येकांनी परदेशाची वाट धरली.

मेयोमधील मायकल डेव्हिट हा अशाच एका बेदखल कुळाचा मुलगा. इंग्लंडमधील कापडगिरणीत वयाच्या अकराव्या वर्षी त्याने उजवा हात गमावला. १८७९ साली पुन्हा पिके बुडाली तेव्हा तो गावी परतून कुळांना संघटित करू लागला. या चळवळीविषयी ख्रिस्तसभेतही एकमत नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गेलिक भाषेचे कैवारी, ट्यूमचे वयोवृद्ध आर्चबिशप जॉन मॅकहेल यांनी वेस्टपोर्टच्या सभेला जाहीर विरोध केला. सभा तरीही झाली. १६ ऑगस्टला कॅसलबार येथे मेयोच्या भूमी संघाची स्थापना झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या पावसाळी संध्याकाळी, नॉकच्या चर्चच्या भिंतीपाशी पंधरा ग्रामस्थांना पवित्र मरिया, संत योसेफ आणि संत योहान यांचे दर्शन घडले. त्याची चौकशी करण्यासाठी आर्चबिशप मॅकहेल यांनीच आयोग नेमला.

पुढल्या वर्षी कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याची पिके काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नास माणसे आणि त्यांच्या रक्षणार्थ सुमारे हजार शिपाई आणावे लागले. या असहकाराला कारभाऱ्याचेच नाव द्यावे, ही कल्पना तेथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांची, असे अमेरिकन पत्रकार रेडपाथ यांनी नोंदवले आहे. ‘बॉयकॉट’ हा शब्द असा जगाला मिळाला.

१९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत घेणे सुकर झाले. ३० सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे नॉकला आले. प्रांताची लोकसंख्या मात्र अजूनही १८४१ च्या निम्मीदेखील नाही. तरीही गॉलवेच्या कोनेमारा भागात गेलिक ही घरात बोलली जाणारी भाषा आहे. ज्या भूमीत लोकांना शिक्षा म्हणून धाडले, तिथेच त्यांची भाषा तगली आणि शेतकऱ्याला आपल्या हक्काचा उच्चार सापडला. कनॉटची ओळख ती हीच.