गंधर्व आणि नाच्या

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून रवी जाधव यांनी काढलेला त्याच नावाचा बोलपट २०१० च्या आरंभी लोकांसमोर आला. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने ‘बालगंधर्व’ हा बोलपट दिला. एकाचा नायक कागलचा शेतमजूर. दुसऱ्याचा, अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला गायक नट. दोघेही पुरुष आणि दोघांनीही रंगमंचावर स्त्रीचे हावभाव केले. एकाला आपण गंधर्व म्हटले, दुसऱ्याला नाच्या. हे असे का व्हावे, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम नाच्याची हकीकत पाहू. पेशवाईच्या उत्तरकाळात तमाशाच्या फडात बाई नसे. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणारा पोऱ्या असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाया फडात येऊ लागल्या. पठ्ठे बापूरावांबरोबर गाजलेली पवळा त्यांत सर्वांत नावाजलेली. आता खरी बाई आली म्हटल्यावर नाच्याचे काम संपावयास हवे होते. पण ते संपले नाही! तो बाईच्या शेजारी उभा राहिला. कंबर लचकवून, टाळ्या पिटून, द्वयर्थी बोलून लोकांना हसवू लागला. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण नाचणारीत नाही, समोर बसलेल्यांत आहे. तिच्या शेजारी ‘पुरुषांत न मोजलेला’ एक पुरुष उभा असला, की फेटा उडवणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मर्दपणाची खात्री फुकटात मिळते. नाच्या हा स्त्रीचा बदली नव्हे. तो प्रेक्षकाच्या मिशीचा राखणदार होय.

‘नटरंग’मधला गुणा हे सारे जाणतो. तो तालमीत घुमलेला गडी आहे. त्याला वगात राजा व्हावयाचे आहे. मळ्याच्या विहिरीवर पंप बसतो आणि गड्यांचे काम जाते. (बोलपटाचा काळ १९७० नंतरचा आहे. आपल्याकडे त्या सुमारास किती हात असे रिकामे झाले, हे शेतकरी श्रोत्यांना मी सांगण्याची गरज नाही.) रिकामे झालेले हे गडी फड उभारतात. पांडोबा नयना नावाची नाचणारी शोधून आणतो, पण तिच्याकडून अट येते ती नाच्याची. नाच्या व्हावयास कोणी तयार होईना, तेव्हा गुणा स्वतःच उभा राहतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी पैलवानाचे अंग कमावले आणि मग ते उतरवले. त्या उतरत जाणाऱ्या अंगाकडे पाहताना ध्यानात येते, की राजाचा मुकुट मिळावा म्हणून हा माणूस पहिली किंमत आपल्या देहाची देत आहे. दुसरी किंमत घरची. लग्न झालेला, लेकराचा बाप असलेला हा मनुष्य गावाच्या लेखी पुरुष राहत नाही. वेश उतरतो, नाव उतरत नाही. पुढे गावच्या राजकारणातले वैर उसळते, तेव्हा त्याला नुसता मार देऊन वैऱ्यांचे समाधान होत नाही. त्याच्यावर बलात्कार होतो. ज्यांनी तो केला त्यांच्या मर्दपणाबद्दल मात्र गावात कोणी शंका काढीत नाही.

आता दुसरी बाजू. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर शकुंतला होत, त्यांच्यामागून बालगंधर्व भामिनी, रुक्मिणी, सिंधू झाले. घरंदाज बायका त्यांची लुगडी नेसण्याची तऱ्हा उचलीत. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामती झाले ते अण्णा साळुंके, १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम तेच आणि सीताही तेच! कुलीन स्त्रीने रंगमंचावर येणे हा कलंक समजला जाई, म्हणून तिच्या जागी पुरुषाने लुगडे नेसणे हीच अब्रूची गोष्ट ठरली. म्हणजे तेच लुगडे एका ठिकाणी घराण्याची लाज राखते आणि दुसऱ्या ठिकाणी नेसणाऱ्याची लाज घालवते.

कोणी म्हणेल, हा कलेतल्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा भेद आहे. बालगंधर्वांच्या गळ्याची थोरवी कोण नाकारील? परंतु त्यांच्या मंडळीतल्या दुय्यम स्त्रीपार्ट्यालाही नाच्याची हेटाळणी सोसावी लागली नाही. भेद आहे तो असा, की संगीत नाटकातला नट कोणीतरी कुलस्त्री होत असे. नाटककाराने तिला नाव, नवरा, शील दिलेले असे, आणि पडदा पडला की ती पोथीत परत जाई. नाच्याला पात्र नाही आणि तमाशाला पडदाही नाही. फडात जो दिसला तोच तो, असे गाव धरून चालते. शिवाय एका मांडवात तिकीट काढून वकील-डॉक्टर सहकुटुंब येत, दुसऱ्यात माळावर बसलेले कष्टकरी. कोणाची थट्टा करावी आणि कोणाचा गौरव, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्या मांडवाकडे होता.

आपल्या पुराणांनाही हा वेश परका नाही. अर्जुन विराटाच्या घरी वर्षभर बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवीत राहिला. पण शमीच्या झाडावर त्याचे गांडीव सुरक्षित होते आणि वर्षाची मुदत ठरलेली होती. गुणाला ना गांडीव, ना मुदत.

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आले, स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या आणि स्त्रीपार्टी नट हळूहळू मानाने निवृत्त झाला. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले. ते उचितच झाले. बोलपटाने शेवटी वृद्ध गुणाच्याही हाती एक सन्मान ठेवला आहे. प्रत्यक्षात शाहिरांची नावे आपण जपली, पवळेचे नावही टिकले. पण या मांडवात इतके जाणकार बसले आहेत, त्यांतल्या कितींना एखाद्या जुन्या नाच्याचे नाव सांगता येईल?