भाज्याचे अक्षर, पवईचे यंत्र

मावळातील भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे दान नोंदवलेले आहे. तेथल्याच स्तूपसमूहात धम्मगिरीसारख्या थेरांची नावे कोरलेली दिसतात. ही ब्राह्मी म्हणजे आपल्या देवनागरीची पूर्वज. ज्या कातळात लेणे खोदले त्याच कातळात अक्षर कोरले गेले. तंत्र आणि लिपी यांत तेथे अंतर नव्हते. पुढे ते पडले. ते कमी करण्याचे काम आपल्याकडे ज्या ठिकाणी झाले, त्यांतले एक महत्त्वाचे ठिकाण साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही : पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था.

ही संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली. मद्रासच्या संस्थेला पश्चिम जर्मनीचे, कानपूरला अमेरिकेचे, दिल्लीला ब्रिटनचे साहाय्य लाभले. शीतयुद्धातील प्रतिस्पर्धी भारतात शेजारी शेजारी प्रयोगशाळा उभारत होते. पवईला सोव्हिएत तज्ज्ञ आले, यंत्रसामग्री आली, येथील अध्यापक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. अभियांत्रिकीतील संशोधनाचा पाया या देवघेवीत घातला गेला. भाषा मात्र या साहाय्याचा विषय नव्हती.

तो विषय पुढे आला संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात (स्थापना १९६९). १९८३पासून १९९६पर्यंत तेथे अध्यापन करणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार तर होतेच, शिवाय अक्षरांच्या रचनेतूनच अर्थ घडवणाऱ्या दृश्यकवितेचे मराठीतील प्रयोगशील कवीही होते. रोमन लिपीसाठी घडलेल्या यंत्राला अक्षरे एकापुढे एक मांडता येत. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लेखनात त्याच्या आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात व्यंजने आपला आकार बदलतात. हा व्याकरणाचा, लेखनपरंपरेचा आणि गणनाचा एकत्रित प्रश्न होता. पवईनंतर जोशी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले. त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २०००बरोबर जगभरच्या संगणकांवर पोहोचला. पूर्वी यंत्रे परदेशातून येत. आता येथल्या लिपीचे ज्ञान परदेशी यंत्रात गेले.

त्याच संस्थेच्या संगणकशास्त्र विभागात पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली, प्रिन्स्टन विद्यापीठातील इंग्रजी शब्दजालाच्या धर्तीवर, आधी हिंदीचे आणि मग त्याच्या आधारे मराठीचे शब्दजाल तयार झाले. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर अर्थाने बांधलेले असतात. ‘झाड’, ‘वृक्ष’, ‘तरू’ एका गटात येतात आणि तो गट इतर भाषांतील समानार्थी गटांशी जोडला जातो. मात्र हिंदीच्या सांगाड्यावर मराठी बसवताना केवळ मराठीत असलेल्या अर्थच्छटांचे काय, हा प्रश्न उरतोच. आणि तो अभियंत्याने एकट्याने सोडवण्याचा नाही.

तंत्रसंस्थेचे संशोधनबळ आपण शोधनिबंध, करार आणि निधी यांवर मोजतो. मराठीच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक माप घालायला हवे : परक्या ज्ञानाशी देवघेव करताना आपल्या भाषेला यंत्रात किती जागा मिळाली? जोशींना ती मिळवता आली, कारण त्यांच्यातला कवी आणि तंत्रज्ञ एकमेकांना ओळखत होते. मराठी विभाग आणि तंत्रसंस्था यांची अशी ओळख अजून व्हायची आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मुद्रणाचा इतिहास शिकवताना आपण श्रीरामपूरला छापलेल्या, १८०५च्या केरीच्या मराठी व्याकरणाचा आवर्जून उल्लेख करतो. त्या इतिहासाचे पुढचे प्रकरण पवईत घडले आहे. तेही आपल्याच विषयात मोडते.