भूक सोसलेली बाई

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आपल्या छावणीत, दाणा बाजारात आग लागली. धुरानं एकाच घरातली सात माणसं गेली. चर्चच्या तरुण मंडळातल्या पोरांशी काय बोलावं, आम्हाला सुचेना. तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. उरली भावंडं दोघंच, पायी हिंडत राहिली. पुढं १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. भूक त्यांना सांगावी लागत नव्हती. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तेच पुढं ‘मुक्ती’ झालं. तिथं मुली लिहायला शिकल्या, शेती, विणकाम, छापखान्याचं कामही. धर्मांतरावरून बाईंवर टीका झाली, तीही खोटी म्हणून झटकता येत नाही. पण आधी ताटात अन्न पडलं, हेही खरं.

त्या रविवारी आम्ही प्रवचन ठेवलं नाही. खिचडी शिजवली, पोरांजवळ बसलो. एक मुलगा बराच वेळ काहीच बोलला नाही. आम्हीही त्याला विचारलं नाही.