जीभ आणि रक्त : मद्यपी वाहनचालकाच्या साक्षीचा इतिहास

मोटारवाहनांच्या कायद्याशी साहित्याच्या अभ्यासकाला काय कर्तव्य, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. परंतु मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांवरील अमेरिकेतील खटले वाचू लागले की, न्यायालयांना वारंवार आपल्याच क्षेत्रातला एक प्रश्न सोडवावा लागलेला दिसतो : बोलणे कशाला म्हणावे?

आरंभी पुरावा वर्णनाचा होता. तोंडाला येणारा वास, लाल डोळे, अडखळती चाल, जड जीभ, असे पोलीस सांगे. आणि थकवा, आजार किंवा अपघाताचा धक्का ही कारणे पुढे करून बचावाचा वकील त्यातले एकेक विशेषण खोडून काढी. १९३९ साली इंडियाना राज्याने रक्तातील मद्यार्काचे ०.१५ टक्के हे प्रमाण कायद्यात आणले, तेव्हा वर्णनाच्या शेजारी आकडा येऊन बसला. तो तेव्हा केवळ प्रथमदर्शनी पुरावा होता. पुढे आकडा ओलांडणे हाच गुन्हा झाला. आज ही मर्यादा बहुतेक राज्यांत ०.०८ आहे, तर यूटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ०.०५. बचावाचा रोखही साहजिकच बदलला. विशेषणांऐवजी यंत्राची अचूकता, नमुना घेण्याची रीत आणि गाडी थांबवण्याचे कारण यांवर उलटतपासणी होऊ लागली.

परंतु हा आकडा आरोपीच्याच देहातून मिळवावा लागतो, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे अमेरिकेची पाचवी घटनादुरुस्ती सांगते. मग रक्त ही साक्ष आहे काय? १९६६ साली ‘श्मर्बर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नकारार्थी उत्तर दिले. संरक्षण आहे ते आशय कळवणाऱ्या उक्तीला वा कृतीला. रक्त काही ‘सांगत’ नाही. आरोपीने वकिलाच्या सल्ल्यावरून नकार देऊनही ते काढले गेले होते. अवघ्या आठवडाभरापूर्वी याच न्यायालयाने ‘मिरांडा’ निकालात आरोपीच्या मौनाला भक्कम संरक्षण दिले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या भेदाची खरी कसोटी १९९० च्या ‘पेनसिल्व्हेनिया विरुद्ध म्युनिझ’ या खटल्यात लागली. मिरांडाची सूचना न देताच पोलिसांनी चालकाला त्याच्या सहाव्या वाढदिवसाची तारीख विचारली. त्याला ती सांगता आली नाही. न्यायालयाने एकाच उच्चाराचे दोन भाग केले. जीभ अडखळणे हा रक्तासारखाच शारीरिक पुरावा, म्हणून ग्राह्य. ‘ठाऊक नाही’ हा उत्तराचा आशय मात्र साक्ष, म्हणून अग्राह्य. ध्वनी आणि अर्थ यांची अशी फाळणी आपल्या शास्त्रात कोणी सुचवली असती, तर ती आपण इतक्या सहजी मान्य केली असती असे मला वाटत नाही. दोन्ही निकालपत्रे न्या. ब्रेनन यांचीच, हेही सूचक आहे.

भारतात हाच विचार श्मर्बरच्या आधीच मांडला गेला होता. ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ (१९६१) या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठासमोर हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांचा प्रश्न होता. हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) च्या अर्थाने ‘साक्षीदार होणे’ नव्हे, असे ठरले. तेथे अक्षराचे वळण अर्थापासून वेगळे काढले गेले, येथे उच्चार. महाराष्ट्रातील एका वाहनचालकाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली वास, चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, असे म्हटले. रक्ताची तपासणी झालेलीच नव्हती. आता मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १८५ व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

अमेरिकेतील चालकापुढचा पेच यामुळे चमत्कारिक झाला आहे. प्रश्नाला उत्तर न देण्याचा त्याचा हक्क अबाधित आहे. चाचणीला नकार दिल्यास मात्र परवाना जाऊ शकतो, कारण रस्त्यावर वाहन आणताच त्याची संमती गृहीत धरली जाते; न्यूयॉर्क राज्याने १९५३ सालीच तसा कायदा केला होता. शिवाय १९८३ च्या एका निकालानुसार तो नकारही पुरावा म्हणून वाचता येतो. २०१६ साली ‘बर्चफील्ड’ निकालात आणखी एक रेघ ओढली गेली : कायदेशीर अटकेनंतर श्वासाची चाचणी वॉरंटाविना घेता येते आणि ती नाकारणे गुन्हा ठरवता येतो, रक्त नाकारणे तसे, वॉरंट नसताना, ठरवता येत नाही, कारण त्यासाठी सुई त्वचेत शिरावी लागते.