स्थानिक निधी लेखापरीक्षक (नांदेड व लातूर)

जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती इ. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासून सार्वजनिक द्रव्याच्या विनियोगात आर्थिक शिस्तीचा आग्रह धरणारा राज्यशासनाचा अधिकारी.

उगम : या पदास मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम, १९३० याचा आधार आहे. हैदराबाद राज्यातील मराठवाडा (ज्यात नांदेड व लातूर मोडतात) १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा (→ पंचायत राज्य) स्थापन झाल्या आणि १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा विभक्त झाला. त्यायोगे तपासणीचे क्षेत्र विस्तारले.

वैशिष्ट्ये : रोकडवही, प्रमाणके व मोजमाप पुस्तिका यांचा मेळ घालून, विसंगती आढळल्यास अर्धसमास पत्राद्वारे (उत्तरासाठी अर्धा समास मोकळा ठेवलेल्या पत्राद्वारे) खुलासा मागविण्यात येतो आणि तो असमाधानकारक ठरल्यास आक्षेप अहवालात नोंदवून वसूलपात्र रक्कम दर्शविली जाते. उदा., मोजमाप पुस्तिकेतील नोंदीहून अधिक रकमेचे देयक अदा झाल्यास फरकाची वसुली सुचविली जाते. राज्यशासनाच्या स्थानिक कार्यालयांची तपासणी मात्र नागपूरच्या महालेखापालांकडे आहे (→ नियंत्रक व महालेखापरीक्षक).

महत्त्व : जिल्हा परिषदांविषयीचे अहवाल विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे विचारार्थ येत असल्याने लेखापरीक्षकाचा आक्षेप लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाचे साधन बनतो. खर्चपूर्व शिस्तीचा पूरक प्रयत्न म्हणून, नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत (१९८६–८८) राज्याने अवलंबिलेल्या शून्याधारित (प्रत्येक खर्चाचे नव्याने समर्थन मागणाऱ्या) अर्थसंकल्पाचा निर्देश करता येतो (→ अर्थसंकल्प, लोकलेखा समिती).